कळसूबाईच्या वाटेवरचे उकळलेले मोजे

लोकरीचे मोजे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास खळखळा उकळले, मधून मधून काठीने ढवळले आणि शेवटी दगडावर आपटून पिळले, तर त्यांचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. चौसष्ट वर्षांच्या माणसाचे मोजे सहा महिन्यांच्या बाळाला बरोबर बसतात. हा प्रयोग मी १९७१ च्या भाद्रपदात नगरच्या घरी, मागच्या अंगणातल्या चुलीवर केला. तेव्हा माझं वय पंचवीस होतं, शिक्षण बी.एस्सी. होतं आणि स्वतःविषयीचं मत फारच चांगलं होतं.

हल्ली माझी नातवंडं पावसाळ्यात डोंगर चढायला जातात आणि जाताना गंमत म्हणून विचारतात, आजी, कुठले मोजे घालू? मी खरं उत्तर देते आणि ती ते मोबाईलमध्ये पुन्हा तपासून घेतात. घेऊ देत. माझ्या वेळी तपासून घ्यायची मला सवय नव्हती, त्याची ही हकीगत.

नगर

माझे सासरे, म्हणजे मामंजी, सरकारी नोकरीत देवीची लस टोचायचे. कागदोपत्री व्हॅक्सिनेटर, लोकांच्या तोंडी देवी डॉक्टर. तीस वर्षांच्या नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा पायी तुडवला. वस्तीवर जायचं, कुणाच्या तरी चुलीवर पाणी ठेवून हत्यारं उकळायची, पोरांचे दंड धरायचे, आणि निघताना बायकांना ‘प्यायचं पाणी उकळून घ्या’ असं बजावायचं, हा त्यांचा क्रम. तोच क्रम ते घरी घेऊन आले. आमच्याकडे दूध-पाणी तर उकळायचंच, पण दाढीचा ब्रश, जखमेच्या पट्ट्या, पोरांचे खुळखुळे, सगळं पातेल्यात जायचं. सासूबाई म्हणायच्या, माझ्या मापाचं पातेलं बाजारात मिळालं नाही म्हणून मी वाचले.

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात मामंजी कितीदा गेले असतील, पण वर शिखरावर कधीच गेले नाहीत. वर कोणी राहत नाही, मग टोचायचं कुणाला? निवृत्त झाल्यावर जाऊ, असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली आणि एक दिवस तपासणीत त्यांना साखर निघाली.

डॉक्टर त्यांच्याच ओळखीचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की जायचं तर याच वर्षी जा, पुढचं मी सांगत नाही. पण पायाला फोड येऊ द्यायचा नाही. तुमच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, फोड आला तरी तुम्हाला दुखणार नाही, आणि न दुखणारा फोडच वाईट. बूट सैल नकोत, मोजे लोकरीचे हवेत, आणि बरोबर कोणीतरी डोळे उघडे ठेवणारं हवं.

डॉक्टर काय म्हणत होते ते आम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याच गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांनाही साखर होती, त्यात चप्पल चावली. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं. ते दिवसभर खिडकीत बसलेले असायचे आणि मी रोज शाळेत शिकवायला जाताना त्यांना नमस्कार करायची.

बरोबर जायचं कुणी? ह्यांना कोर्टातून रजा मिळेना, सासूबाईंचे गुडघे धरलेले. मी कॉलेजात एनसीसीत होते हे मी घरात सगळ्यांना पुरेसं ऐकवलेलं होतं, तेव्हा मीच पुढे झाले.  सासूबाई म्हणाल्या, “सुधा, हे स्वतःचे पाय बघणार नाहीत. ते तू बघायचेस. आणि पितृपंधरवडा लागायच्या आत परत या.”

मोजे आणायला मी छावणीच्या बाजूला गेले. तिथे लष्कराचं जुनं सामान विकणारी दोन-तीन दुकानं होती, तंबूची कापडं, पाण्याचे डबे, पट्टे. त्यातलं एक दुकान एका म्हाताऱ्या सुभेदारांचं. मी मोजे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कोण चालणार, कुठे, कोणत्या दिवसांत. सगळं ऐकल्यावर ढिगाऱ्यातून खाकी लोकरीचा एक जाड जोड काढला आणि तो उलटा करून माझ्यासमोर धरला. बाई, आधी बोटांकडची शिवण बघायची, म्हणाले. तिथे गाठ असली की फोड आलाच. मोजा पायावर घट्ट बसला पाहिजे, सैल झाला की चुणी पडते, चुणी पडली की फोड. आत पातळ सुती मोजा घाला, त्यावर हा. सुती एकटा भिजला की पायाला गार चिकटतो, नायलॉन तर घामही पीत नाही, पाय आत बुटात घसरत राहतो. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. तुमच्या त्या डोंगरावर तासात चार वेळा हवा फिरते, तिथे हाच.

त्यांनी असले किती मोजे झिजवले असतील कोण जाणे. मी मात्र घड्याळ बघत होते. ते पुढे म्हणाले, आणि बाई, धुताना एक लक्षात ठेवा... मी मध्येच म्हणाले, “धुण्याचं मला माहीत आहे. मी बी.एस्सी. आहे.”

सुभेदार थांबले. मोजे कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले.

घरी आल्यावर मोजे सासूबाईंनी पाहिले. कुणा अनोळखी शिपायाने वापरलेले ते, आता ह्या नाक मुरडणार असं मला वाटलं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, लोकर आहे ना, तिला विटाळ नसतो. माझी सोवळ्याची धाबळी मी कधी धुते का? दोन दिवस उन्हात टाक, झालं. मला हसूच आलं. मी त्यांना लोकरीच्या धाग्यात जंतू कसे दडतात यावर छोटंसं भाषण दिलं, आणि त्या दुपारच्या झोपल्या तेव्हा चूल पेटवली.

मोजे बाहेर काढले तेव्हा आधी वाटलं, पातेल्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी राहिलं असेल. मी काठीने शोधलं. पातेल्यात दुसरं काही नव्हतं. हातात होते ते दोन लहानसे, कडक, नमद्यासारखे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखे गोळे. ताणून पाहिले, ताणले जाईनात. धावत छावणीच्या बाजूला गेले तर सुभेदार आठ दिवसांसाठी गावी गेलेले, शेजारच्या दुकानांत लोकरीचं काही नाही. तसंच कापडबाजारात गेले. तिथल्या पोरगेल्या दुकानदाराने मला जांभळ्या पट्ट्यांचे नायलॉनचे मोजे दाखवले. त्या वर्षी नायलॉन म्हणजे सगळ्यात भारी. मोजे काय चकचकत होते. मी स्वतःला म्हटलं, सुभेदार जुन्या काळचे, त्यांना नवीन माल काय ठाऊक. हे मी स्वतःला तीनदा म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं, यावरून काय ते समजा.

आटलेला जोड घरात ठेवला तर सासूबाईंच्या हाती लागणार. म्हणून तो पिशवीच्या तळाशी, माझ्या पातळाच्या घडीत लपवून मी बरोबरच घेतला.

राजूर

नगरहून संगमनेर, संगमनेरहून राजूर, दोन्ही एसट्यांचं वर्णन करत नाही, धुळीतून निघून चिखलात उतरलो एवढंच. आमच्या नगरला पाऊस तोंड दाखवून जातो. इकडे तो मुक्कामालाच होता. भाताची खाचरं पोपटी झालेली, बांधांवर पिवळी सोनकी फुललेली. पाच मिनिटं कडक ऊन, मग समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा, मग पाऊस, आणि पाऊस संपायच्या आत पुन्हा ऊन. छत्री उघडावी की मिटावी यातच माझा अर्धा दिवस गेला.

मामंजींच्या जुन्या कंपाउंडर मित्राकडे उतरलो होतो. गावात जरा फिरून आल्यावर मी मामंजींचे बूट काढायला बसले. ते संकोचले, सुनेने पायाला हात लावावा हे त्यांना पटेना. मी म्हटलं, सासूबाईंचा हुकूम आहे. मोजे काढले तर पाय आतून ओलेगच्च, बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. फोड नव्हता. मी पाऊल दिव्याजवळ नेऊन पुन्हा पाहिलं. फोड नव्हता.

मामंजींनी तेवढ्यात विचारलं, “ते मिलिटरीचे मोजे आणणार होतीस ना?”

“आणलेत. ते डोंगरासाठी राखून ठेवलेत.”

हे पहिलं खोटं. तसं बघाल तर त्यातलं आणल्याचं खरंच होतं. रात्री जेवताना कंपाउंडरांच्या घरच्यांनी सुरेख बोंबील केले होते म्हणे. आम्ही शाकाहारी, आम्हाला पिठलं वाढलं. मला चवच कळली नाही. डोळ्यांपुढे पोस्टमास्तरांची खिडकी होती.

बारी

दुसऱ्या दिवशी बारीला पोचलो. मामंजींच्या ओळखीचा पाटील वारला होता, पण त्याची सून चांगुणाबाई घरी होती. तिशीची, उंच, काळीसावळी, दंडावर चोळी तटतटलेली. अंगणात गुडघाभर चिखलातून आलेली, आणि पायांत काहीही नाही. मामंजींनी नाव सांगितलं. तिने त्यांना खालीवर पाहिलं, चोळीची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. दंडावर देवीच्या टोचण्याच्या गोल खुणा होत्या.

“वळखलं का डाक्तरबाबा? ही तुमचीच नक्षी. म्हायेरी मी कणगीत लपले हुते, तर तुमी झाकण काढून वढून काडलं हुतं मला.”

मामंजींनी चष्मा पुसला, दंड हातात धरून खुणा निरखल्या आणि म्हणाले की चांगल्या उठल्यात. त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. पाहता पाहता अंगणात सात-आठ जणी जमल्या आणि जी ती दंड दाखवू लागली. देवळात दर्शनाला रांग लागावी तशी ती रांग होती, फक्त इथे देवच एकेकीचं दर्शन घेत होता.

जेवायला नागलीची भाकरी, हुलग्याची पातळ आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची. ही काळपट भाकरी मला आधी करपलेली वाटली, पण मी चवीने खात तीन संपवल्या. चांगुणाबाईने गुळाचा काळा चहा केला. मामंजींना साखरेचं दुखणं आहे हे सांगितल्यावर तिला ते खरंच वाटेना. गोडानं कुणी आजारी पडतं व्हय, म्हणाली, आणि त्यांच्यासाठी नुसतं पाणी आणलं. मामंजींनी विचारलं, उकळलेलं आहे का? तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली.

“तुमी जायचा आन आमची सासू म्हनायची, व्हय व्हय, उकळू. तुमी वढा वलांडला की हंडा तसाच भरायची. झऱ्याचं पानी हाय ते, त्याला काय उकळायचं? आमी कुनीच कवा न्हाई उकळलं, डाक्तरबाबा.”

मामंजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. तेवढ्यापुरती मीही हसले. दुसऱ्या क्षणी पिशवीच्या तळाशी असलेल्या त्या दोन गोळ्यांची आठवण झाली आणि हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. चांगुणाबाई दर मंगळवारी देवीला जायची, तीच आम्हाला नेणार होती. सकाळी मामंजी ओट्यावर बूट घेऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. आता लोकरीचे मोजे दे.

मी म्हटलं, “मामंजी, ते पिशवीत भिजलेत.”

“मग काय झालं? लोकर भिजली तरी चालते, असं तूच सांगितलंस.”

सुभेदारांचं सगळं ज्ञान मी घरी माझं म्हणून ऐकवलं होतं. ते आता माझ्याच अंगावर आलं. मी म्हटलं, फार भिजलेत, पाणी निथळतंय.  “बरं,” मामंजी म्हणाले, आणि जांभळ्या पट्ट्यांचे मोजे चढवले. त्या ‘बरं’ने मला सबंध डोंगरभर साथ दिली.

डोंगर

सुरुवातीची वाट खाचरांमधून. मग कारवीची झुडपं, मग उघडे काळे कातळ, त्यांवरून पाणी पसरून वाहत असायचं. चांगुणाबाई डोक्यावर जुन्या घोंगड्याची खोळ करून पुढे. तिच्या पायाची बोटं कातळाला पालीसारखी धरायची. मागे मामंजी, हातात काठी. त्यांच्या मागे मी, आणि माझी नजर सतत त्यांच्या टाचांवर. कळसूबाईची ही वाट किती सुंदर आहे याचं वर्णन माझ्याकडून अपेक्षू नका. मी पहिले दोन तास दोन कॅनव्हासचे बूट पाहिले.

ऊन पडलं की मला बरं वाटायचं, पाय सुकतील. लगेच धुकं यायचं, मग पाऊस तिरका. मी दर थोड्या वेळाने विचारायची, मामंजी, पाय दुखतोय का? ते म्हणायचे, अजिबात नाही. दुसरं कुणी असतं तर या उत्तराने जीव भांड्यात पडला असता. मला प्रत्येक वेळी डॉक्टरांचं बोलणं आठवायचं, आणि त्यांनी दुखतंय म्हणावं असं वाटायचं.

कातळात ठोकलेल्या पहिल्या साखळीला त्यांनी लोखंड घट्ट धरलं आणि एखाद्या तरण्यासारखे वर चढले. वर पोचून माझ्याकडे वळून हसले. दुसरी साखळीही झाली. मी मनात म्हटलं, निभावलं. तेवढ्यात डाव्या पायाचं पाऊल त्यांनी जरासं वाकडं टाकलं. मग पुन्हा तसंच टाकलं. त्यांना ते कळलेलं नव्हतं.

शिखराच्या थोडं खाली एक सपाटी आहे, तिथे विहीर आहे. तिथून वर शेवटचा कातळ, शेवटची साखळी, आणि मग देवीचं इवलंसं देऊळ. धुक्यातून घंटेचा आवाज येत होता इतकं ते जवळ. मामंजी उत्साहाने चालतच होते. मी पुढे होऊन वाट अडवली आणि म्हटलं, बसा.

“वर जाऊन बसू.”

“नाही, इथेच बसा.”

सुनेने असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण ते बसले. मी बूट काढला, मोजा सोलून काढला. नायलॉन गोळा होऊन टाचेवर त्याची दोरी झाली होती. तिच्याखाली आठ आण्याच्या नाण्याएवढा फोड, टम्म फुगलेला, अजून न फुटलेला.

मी त्याच्या शेजारी बोट टेकवलं. “दुखतंय?”

मामंजींनी फोडाकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या पायावर होता. “नाही,” ते म्हणाले. आणि त्या ‘नाही’ने तेही घाबरले, हे मला दिसलं.

पण तीस वर्षांची नोकरी कामी आली. त्यांनी आवाज न बदलता सांगितलं की फोडायचा नाही, कोरडा करायचा, बूट त्याला टेकणार नाही असं काहीतरी भोवती बांधायचं. माझ्याकडे स्वच्छ सुती रुमाल होते. चांगुणाबाईने आपल्या घोंगड्याची कडा दातांनी धरून टरकावली, पण ती कडा म्हणजे काथ्याच. मामंजींनी ती बोटांनी चाचपली आणि मान हलवली. ही घासेल. मऊ, जाड, पण घट्ट विणीचं हवं. नमद्यासारखं.

नमद्यासारखं.

मी विहिरीकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं. मग पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि ते दोन खाकी गोळे बाहेर काढले.

चांगुणाबाईने एक मोजा उचलला, दोन बोटांवर चढवला. “अगं बया. ह्ये कुनाच्या लेकराचं?”

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? पण माणसाला खोट्याची सवय लागली की जीभ आपोआप वळते. मी मान खाली घालून म्हटलं, “अजून आलेलं नाही ते लेकरू.”

चांगुणाबाईने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मोजा माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाली की याला विळा लावायचा न्हाई, यील त्याचा हक्क हाय, घोंगडंच बांधू. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. पावसाचे थेंब त्यांच्या टकलावर पडत होते आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. फोड विसरले, पाय विसरले, शिखर विसरले. लग्नाला दोन वर्षं झाली तरी घरात कुणी मला एका शब्दानेही विचारलं नव्हतं. मनात मात्र होतं तर.

चांगुणाबाई ती काथ्यासारखी कडा त्यांच्या टाचेला गुंडाळायला लागली.

“थांबा,” मी म्हटलं. “कापा तो मोजा. लेकरूबिकरू काही नाही. मामंजी, हे तुमचेच मोजे आहेत. मी उकळले.”

मग बाकीचंही सांगितलं, सुभेदार, सोडा, कापडबाजार, राजूरचं खोटं, सकाळचं खोटं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. चांगुणाबाई आधी ऐकत राहिली, मग दगडावर बसून हसायला लागली, हसता हसता तिने कमरेचा विळा काढला, मोजा मधोमध कापला आणि फोडाच्या मापाचं गोल भोक पाडलं. नमद्याची ती चकती टाचेवर अशी बसली की फोड भोकात मोकळा राहिला आणि बुटाचा भार भोवतीच्या लोकरीवर गेला. वरून माझा रुमाल. दोन्ही पायांतलं नायलॉन काढून माझे कोरडे सुती मोजे घातले. नव्या लोकरीनेही झालं नसतं इतकं ते काम छान झालं, हे चांगुणाबाईचं मत. मी तेवढ्यावर समाधान मानायच्या मनःस्थितीत नव्हते.

 मामंजींनी टोपी घातली, वर धुक्याकडे पाहिलं, शेवटची साखळी लोंबत होती तिकडे. आणि हात जोडले. “इथूनच,” एवढंच म्हणाले. मग मला म्हणाले, तू जा, बघून ये.

मला जायचं नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा गेले. चांगुणाबाईने माझ्याकडून देवीला फुलं वाहवली, हळदकुंकू लावलं. बाहेर आलो तेव्हा वारा उठला आणि धुकं एका बाजूने गुंडाळलं गेलं. खाली भंडारदऱ्याचं पाणी उन्हात शिशासारखं चमकलं. पलीकडे रतनगड, इकडे अलंग-कुलंगचे काळे कडे, आणि सगळीकडे खाचरांचे हिरवे तुकडे. नऊ वर्षं त्यांनी ज्याची वाट पाहिली ते दृश्य माझ्यासारखीच्या वाट्याला आलं होतं. ते मी पाहिलं, आणि खाली उतरावंसं वाटेना, कारण खाली गेल्यावर सांगावं लागणार होतं.

विहिरीजवळ मामंजी डोळे मिटून बसले होते. “दिसलं?”

दिसलं नाही, धुकं होतं, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या दिवसाचं माझं खोट्याचं भांडवल संपलं होतं. मी म्हटलं, दिसलं. पाणी कुठे, त्याच्या डावीकडे काय, कड्याखाली किती घरं, सगळं सांगितलं. ते डोळे न उघडता एकेका वस्तीचं नाव घेत होते, आणि तिथे किती दंड टोचले ते आठवत होते. माझं सांगून झालं, त्यांची नावं संपली नव्हती.

उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. दर विसाव्याला मी बूट काढायला लावायची आणि ते निमूट पाय पुढे करायचे. फोड फुटला नाही. पण खाली येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चांगुणाबाईने निरोप देताना माझ्या कानात सांगितलं की ती लेकराची गोष्ट मात्र तू देवीच्या दारात बोललीस, ती खोटी व्हायची न्हाई. पुढल्या वर्षी खरंच मुलगी झाली. ते श्रेय चांगुणाबाई अर्थातच स्वतःकडे घेणार होती.

पुन्हा नगर

परतीच्या दोन्ही एसट्यांत मामंजी खिडकीबाहेर पाहत होते. संगमनेरच्या स्टँडवर मी बिनसाखरेचा चहा आणून दिला, त्यांनी तो घेतला, एवढंच.

नगरला उतरल्या उतरल्या डॉक्टरांकडे. त्यांनी पट्टी सोडली, चकती उलटसुलट पाहिली, ही कल्पना कुणाची म्हणून विचारलं. मामंजी म्हणाले, डोंगरावर मिळाली. पुढचे दहा दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ ती टाच धुतली, पुसली, पाहिली. शाळेतून येताना पोस्टमास्तरांच्या खिडकीकडे मान वळवायची माझी हिंमत होईना. फोड बसत होता. मग एक दिवस कातडीचा कोरडा पापुद्रा सुटून आला आणि खाली गुलाबी, धड टाच दिसली. डॉक्टर म्हणाले, झालं, आता विसरा. मी घरी येऊन मोरीत नळ सोडून मनसोक्त रडले.

त्याच दुपारी सासूबाई जपून ठेवायचे गरम कपडे उन्हात घालत होत्या. शाल, धाबळी, ह्यांचा स्वेटर. शेवटी म्हणाल्या, “सुधा, ते मिलिटरीचे मोजे आण गं. तेही दाखवते उन्हाला.”

मामंजी ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. मी आत गेले आणि पिशवीतून जे होतं ते घेऊन आले, एक सबंध मोजा, बोटभर, आणि दुसऱ्याची मधोमध भोक पडलेली चकती. दोन्ही सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले, भोकातून माझ्याकडे पाहिलं. लोकरीच्या धाग्यातल्या जंतूंवर मी केलेलं भाषण आम्हा दोघींनाही एकाच वेळी आठवलं असणार.

“हे काय केलंस?” त्यांनी विचारलं.

“उकळले,” मी म्हटलं.

तेव्हा पेपर खाली आला. डोंगरावर मी कबूल केल्यापासून या विषयावर मामंजी पहिल्यांदा बोलले, आणि माझ्याकडे बघून बोलले:

“तीस वर्षं मी डोंगरोडोंगरी सांगत हिंडलो, उकळा, उकळा म्हणून. सगळ्या जिल्ह्यात माझं ऐकलं कुणी, तर तू एकटीनं.”